मार लागल्यानंतरचा काचबिंदू: ड्रॉप्स, लेझर, ट्रॅब की ट्यूब?

माझ्या धाकट्या भावाला १९ व्या वर्षी बॅडमिंटन खेळताना उजव्या डोळ्यावर शटल बसलं. डोळ्यात रक्त उतरलं, दोन आठवड्यांत ते निवळलं, नजर पूर्ववत झाली आणि आम्ही सगळे ते विसरून गेलो. पुढे ११ वर्षांनी चष्म्याचा नंबर काढायला गेला तेव्हा सहज म्हणून डोळ्याच्या आतलं प्रेशर मोजलं, तर डावा डोळा १६ आणि उजवा ३४. दुखत काही नव्हतं, लालही नव्हता, पण फील्ड टेस्टमध्ये, म्हणजे नजर आजूबाजूला कुठवर पोचते त्या तपासणीत, नाकाकडच्या बाजूचा एक तुकडा गायब होता आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता कारण दुसरा डोळा ती जागा भरून काढत होता.

तेव्हापासून त्याच्या प्रत्येक व्हिजिटला मी सोबत जाते, प्रेशरची वही माझ्याकडे असते, आणि "हे दोन पर्याय आहेत, घरी बोला आणि ठरवा" हे वाक्य ऐकून गाडीत गप्प बसून राहण्याचा प्रसंगही आमच्यावर आलाय. तशाच जागी आत्ता कोणी बसलं असेल तर त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, औषध सुरू किंवा बंद करायचा निर्णय यावरून घेऊ नका, पण डॉक्टरांसमोर बसताना नेमकं काय विचारायचं हे कळावं एवढं मात्र मला मनापासून वाटतं.

आधी हे विचारा की प्रेशर वाढलंय कशाने

सगळे थेट ड्रॉप्स बरे की ऑपरेशन बरं इथून सुरुवात करतात, आम्हीही तेच केलं, आणि ती चूक होती. साध्या काचबिंदूत बहुतेकांचं गणित एकसारखं असतं, पण मार लागलेल्या डोळ्यात प्रेशर वाढण्याची पाच-सात वेगवेगळी कारणं असतात आणि एका कारणाला जे औषध लागू पडतं ते दुसऱ्याला घातकही ठरू शकतं.

डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होत असतं. ते बुबुळाच्या मागे तयार होतं, बाहुलीतून पुढे येतं आणि कॉर्निया (डोळ्याची पुढची पारदर्शक काच) आणि बुबुळ जिथे भेटतात त्या कोपऱ्यात एक बारीक जाळी असते तिच्यातून निचरा होऊन जातं. या कोपऱ्याला सगळे अँगल म्हणतात. आवक-जावक जुळली की प्रेशर साधारण १० ते २१ मध्ये राहतं, जावक तुंबली की वाढतं आणि वाढलेलं प्रेशर डोळ्याच्या मागच्या, नजर मेंदूकडे नेणाऱ्या नसेला हळूहळू मारतं. गेलेली नस परत येत नाही, त्यामुळे सगळी धडपड उरलेली नस वाचवायची असते.

आता मुका मार लागल्यावर जाळी तुंबते कशी? पहिल्या काही दिवसांत बहुतेक वेळा रक्ताने, सुजेने. दोन-चार आठवड्यांनी स्टिरॉइडच्या ड्रॉप्सनेही, आणि हे कारण फार लोकांच्या लक्षात येत नाही. माराची सूज उतरवायला स्टिरॉइड देतात ते बरोबरच असतं, पण बऱ्याच लोकांचं प्रेशर या ड्रॉप्सनी वाढतं आणि अशा वेळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते कमी केले किंवा दुसऱ्या प्रकारचे दिले की प्रेशर खाली येऊ शकतं, म्हणजे ऑपरेशनची गोष्ट करण्याआधी हा प्रश्न विचारायलाच हवा. भिंगाला मार लागला असेल तर मोतीबिंदू फुगून अँगल बंद करतो, भिंगाचं आवरण फाटलं तर त्याचे कण जाळीत अडकतात, भिंग जागेवरून सरकलं तर बाहुलीचा रस्ताच अडतो. या सगळ्यात खरा इलाज बहुतेक वेळा भिंग काढणं हाच असतो, नुसते ड्रॉप्स घालत बसून वेळ जातो. डोळ्याच्या मागच्या भागात रक्तस्राव झाला असेल तर एक ते तीन महिन्यांनी त्यातल्या जुन्या, कडक झालेल्या पेशी पुढे येऊन जाळी तुंबवतात, खाकी रंगाचा थर दिसतो, आणि औषधाने भागलं नाही तर ते धुऊन काढावं लागतं.

आणि मग उशिरा येणारा प्रकार, जो माझ्या भावाला झाला, अँगल रिसेशन. माराच्या धक्क्याने डोळ्यातलं पाणी मागे ढकललं जातं आणि अँगलमधल्या स्नायूचे थर एकमेकांपासून फाटतात. फाटणं लगेच होतं, पण जाळी निकामी व्हायला महिने जातात, वर्षं जातात, कधी दहा-वीस वर्षंही. मुक्या माराने डोळ्यात रक्त उतरलेल्या बहुतेकांचा अँगल थोडाफार फाटलेला असतो, त्यातल्या शंभरातल्या दहापेक्षा कमी लोकांना पुढे काचबिंदू होतो, पण अर्ध्यापेक्षा जास्त गोल, म्हणजे १८० अंशांच्या वर फाटलेलं असेल तर धोका बराच वाढतो. भावाचं २७० अंश होतं.

हे कळतं गोनिओस्कोपीने. थेंब टाकून डोळा बधिर करतात, छोटी आरसे असलेली काच जेल लावून डोळ्यावर टेकवतात आणि मशीनच्या उजेडात अँगल गोल फिरून बघतात. आमच्या डॉक्टरांनी आधी चांगला डोळा पाहिला, मग मार लागलेला, मग परत चांगला, कारण दोन्ही शेजारी ठेवून बघितलं तरच फाटलेला पट्टा किती रुंद आहे ते नीट लक्षात येतं. पाच मिनिटांचं काम, दुखत नाही. १९ व्या वर्षी रक्त निवळल्यावर महिन्या-दीड महिन्याने ही तपासणी झाली असती तर आम्हाला तेव्हाच कळलं असतं की याला दरवर्षी प्रेशर मोजत राहायचंय. ती झाली नाही. याची मला अजूनही फार हळहळ वाटते.

ताजा मार, डोळ्यात रक्त: थांबायचं की धुवायचं

रक्त पुढच्या खोलीत, म्हणजे कॉर्निया आणि बुबुळाच्या मधल्या जागेत, साचतं तेव्हा बसलेल्या माणसाच्या डोळ्यात बुडाशी लाल रेघ दिसते, अगदी पेल्याच्या तळाला साका बसावा तशी. ती रेघ किती उंच आहे यावरून डॉक्टर ग्रेड ठरवतात.

थांबणं म्हणजे काहीच न करणं असं नाही. उशी उंच करून, डोकं साधारण ३० ते ४५ अंश वर ठेवून झोपायचं म्हणजे रक्त खाली बसतं, डोळ्यावर भोकं असलेलं कडक कव्हर, ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या बंद कारण त्याने परत रक्त येऊ शकतं, बाहुली मोठी ठेवायचे आणि सुजेचे ड्रॉप्स, आणि प्रेशर वाढलं तर त्याची औषधं. दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या मध्ये परत रक्तस्राव व्हायची भीती सगळ्यात जास्त, आणि दुसरा रक्तस्राव बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा मोठा असतो, म्हणून "आता बरं दिसतंय" म्हणून तिसऱ्या दिवशी खेळायला पळणाऱ्या मुलांना अक्षरशः धरून ठेवावं लागतं. बहुतेक लोकांचं रक्त असंच आठवडाभरात निवळतं आणि ऑपरेशन लागत नाही.

धुवायचं कधी याचे आकडे नेत्रविज्ञानाच्या पुस्तकांत ठरलेले आहेत आणि ते घरच्यांना माहीत असावेत असं मला वाटतं. औषधं देऊनही प्रेशर ५० च्या वर पाच दिवस किंवा ३५ च्या वर सात दिवस राहिलं तर नसेला धोका म्हणून धुतात. पूर्ण खोली रक्ताने भरली असेल तर २५ च्या वर पाच-सहा दिवस राहिलं तरी धुतात, कारण नाहीतर कॉर्नियावर रक्ताचा डाग बसतो आणि तो निघायला महिने, कधी वर्षं लागतात, लहान मुलात तेवढ्यात डोळा आळशी होऊन बसतो. आणि सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा त्रास असेल किंवा माणूस त्याचा नुसता वाहक जरी असेल तरी २४ च्या वर एक दिवस राहिलं तर सर्जन हालचाल सुरू करतात, कारण त्या लोकांची नस कमी प्रेशरलाही दगावते. शिवाय त्यांना ॲसिटाझोलामाइडची गोळी, जी बाकी सगळ्यांना प्रेशरसाठी सर्रास देतात, ती टाळतात. त्यामुळे घरात कोणाला सिकल सेल असेल तर डॉक्टरांनी विचारायच्या आधी आपण सांगायचं.

धुण्याचं ऑपरेशन लहान असतं पण सुजलेल्या, रक्ताळलेल्या डोळ्यात हत्यार घालणं आलं, भिंगाला धक्का लागू शकतो, परत रक्त येऊ शकतं. म्हणून वरच्या आकड्यांच्या आत असाल तर थांबणं बरं, आणि आकडे ओलांडले तर "अजून दोन दिवस बघू" असं घरच्यांनी म्हणत बसू नये, हे माझं स्पष्ट मत.

ड्रॉप्स: एकमेकांशी तुलना केली तर

उशिरा आलेल्या काचबिंदूत सुरुवात जवळजवळ नेहमी ड्रॉप्सनेच होते आणि ते योग्यच आहे. फक्त सगळे ड्रॉप्स एकाच माळेचे मणी नाहीत.

लॅटानोप्रॉस्टच्या घराण्यातले ड्रॉप्स रात्री एकदाच टाकायचे, प्रेशर साधारण पाव ते एकतृतीयांश खाली आणतात. ते जाळीवर अवलंबून न राहता पाण्याला दुसऱ्या वाटेने बाहेर काढतात, त्यामुळे रिसेशनमध्ये ते तर्कानेही बसतात. त्रास म्हणाल तर डोळा लालसर राहणं, पापण्यांचे केस लांब होणं, बुबुळाचा रंग गडद होणं, आणि एकाच डोळ्यात टाकत असल्याने दोन डोळ्यांत फरक दिसायला लागतो, तरुण मुलामुलींना हे खूप लागतं आणि त्यांनी ते बोलून दाखवलं तर त्यांना नावं ठेवू नका. ताज्या माराची सूज चालू असताना मात्र बहुतेक डॉक्टर हे टाळतात.

टिमोलॉल पाणी तयार होणंच कमी करतं. चांगलं, जुनं, भरवशाचं औषध, पण दमा असेल किंवा हृदयाचे ठोके मंद असतील तर चालत नाही, आणि डोळ्याच्या डॉक्टरांना आपला दमा आपण सांगितल्याशिवाय कळणार कसा? ब्रिमोनिडिनची काही महिन्यांनी ॲलर्जी येते, डोळे लाल होऊन खाज सुटते, भावाला नवव्या महिन्यात आली. दोन वर्षांखालच्या बाळाला तर ते अजिबात देत नाहीत, श्वास मंदावतो. डॉर्झोलामाइड चुरचुरतं, तोंड कडू करतं, बाकी बहुतेकांना सोसतं, पण माराने कॉर्निया आधीच कमजोर झाला असेल तर ते विचार करून देतात.

आता महत्त्वाचं. पायलोकार्पिन हे जुनं औषध साध्या काचबिंदूत चालतं, पण रिसेशनमध्ये ते प्रेशर उलट वाढवू शकतं, कारण जाळी निकामी झालेली असताना पाणी ज्या दुसऱ्या वाटेने जात असतं तीच वाट ते आवळतं. म्हणून कोणाच्या घरी उरलेली बाटली "आमच्या काकांना चालली" म्हणून टाकायची नाही, कधीच नाही.

ड्रॉप टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा आतला कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा, म्हणजे औषध नाकातून रक्तात कमी उतरतं, आणि दोन वेगळ्या बाटल्यांमध्ये पाच मिनिटं तरी अंतर. हे आम्हाला दीड वर्षाने कळलं आणि त्यानंतर टिमोलॉलने होणारा थकवा बराच कमी झाला.

ड्रॉप्सच्या बाजूने मोठी गोष्ट ही की थांबवता येतात, बदलता येतात, डोळ्यात हत्यार जात नाही. विरोधात ही की रोज, न चुकता, वर्षानुवर्षं, आणि ज्याला काहीच त्रास जाणवत नाही अशा तरुण माणसाने. तीन बाटल्या झाल्या की माणूस चुकायला लागतो, हा स्वभाव आहे, आळस म्हणू नका. आणि बरीच वर्षं बाटल्या वापरल्या की डोळ्याचा वरचा पातळ पडदा चिडलेला राहतो, पुढे ऑपरेशन करायची वेळ आली तर तिथे व्रण जास्त धरतो.

लेझर

यावर थोडक्यात. ओळखीच्या कोणाचा तरी काचबिंदू लेझरने आटोक्यात आलेला असतो आणि ते आपल्याला आग्रह करतात. त्यांचं खोटं नाही. २०१९ साली लाइट नावाचा मोठा अभ्यास आला, त्यात सुरुवातीलाच एसएलटी नावाचं जाळीवरचं लेझर केलेल्यांपैकी जवळजवळ तीनचतुर्थांश लोक तीन वर्षांनीही ड्रॉप्सशिवाय होते. पण तो अभ्यास साध्या काचबिंदूचा. हे लेझर जाळीला चेतवून तिचं काम सुधारतं, आणि आपल्याकडे जाळीच निकामी होऊन व्रण धरून बसलीय, तर चेतवणार काय? रिसेशनमध्ये जाळीच्या लेझरचे निकाल कमकुवत आहेत आणि कधी प्रेशर उसळतंही. अपवाद एकच, बाहुलीचा रस्ता अडून अँगल बंद झाला असेल तर बुबुळाला छोटं छिद्र पाडायचं लेझर करतात, ते वेगळं आणि तिथे ते उपयोगी. लेझर म्हणजे कुठलं लेझर, हे विचारून घ्या.

ट्रॅब की ट्यूब

इथे खरी घालमेल होते. ड्रॉप्स पुरत नाहीत, किंवा प्रेशर ठीक दिसतं पण फील्ड टेस्ट खराब होत चाललीय, मग डॉक्टर दोन नावं घेतात.

ट्रॅबेक्युलेक्टॉमी, म्हणजे ट्रॅब, १९६८ पासून चालत आलीय. वरच्या पापणीखाली डोळ्याच्या पांढऱ्या भागात अर्ध्या जाडीची एक झडप कापतात, तिच्याखाली छोटं भोक, झडप सैल टाक्यांनी परत बसवतात. पाणी झिरपून वरच्या पातळ पडद्याखाली साठतं आणि तिथे एक फिकट फुगवटा येतो, त्याला ब्लेब म्हणतात. ट्यूबमध्ये सिलिकॉनची बारीक नळी डोळ्याच्या आत सोडतात आणि ती मागे, पांढऱ्या भागावर शिवलेल्या एका प्लेटपर्यंत नेतात, पाणी त्या प्लेटभोवती साठून शोषलं जातं. नळीवर दान केलेल्या डोळ्याच्या किंवा तशाच टिश्यूचा छोटा तुकडा पांघरतात.

ट्रॅबची ताकद म्हणजे खालचं प्रेशर. नस बरीच गेली असेल आणि १०-१२ पर्यंत आणायचं असेल तर ट्रॅब तिथे पोचवू शकते, आणि जमलं तर ड्रॉप्सशिवाय. तिचा शत्रू म्हणजे व्रण भरणं. इतरत्र जखम भरली की आपण आनंद मानतो, इथे जखम भरली की भोक बुजतं. मार लागलेले डोळे आणि तरुण वय दोन्हींत व्रण जोरात धरतो, रिसेशनच्या डोळ्यात साधी ट्रॅब अपयशी होण्याचं प्रमाण जास्त आहे हे माहीत असलेलंच आहे, म्हणून मायटोमायसिन नावाचं औषध ऑपरेशनच्या वेळी तिथे लावतात. त्याने यश वाढतं, पण ब्लेब पातळ होतो आणि पातळ ब्लेबमधून जंतू आत जायची भीती आयुष्यभर राहते. डोळा लाल झाला, उजेड सोसवेना, नजर धूसर झाली किंवा दुखलं, तर त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना, दुसऱ्या दिवशी सकाळी नाही.

आणि ट्रॅब म्हणजे ऑपरेशनच्या दिवसापुरती गोष्ट नसते. पहिले दीड-दोन महिने सतत व्हिजिट, कधी लेझरने टाका तोडून प्रवाह वाढवायचा, कधी सुईने व्रण सोडवायचा, कधी प्रेशर फारच खाली गेलं तर नजर पाण्यातून बघितल्यासारखी होते आणि सगळे घाबरतात. ज्याला त्या दोन महिन्यांत दवाखान्यात वरचेवर जाता येणार नाही त्याने ट्रॅब घेण्याआधी हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावं, कारण अर्धं यश त्या व्हिजिट्समध्ये असतं.

ट्यूबचं वेगळं. जिथे आधीच टाके पडलेत, भिंग काढलंय, वरचा पडदा व्रणांनी चिकटलाय, तिथे ट्रॅबला जागाच उरत नाही, ट्यूब मात्र चालते. प्रेशर ती साधारण १४-१५ च्या घरात आणते आणि बहुतेकांना एखादा-दोन ड्रॉप्स चालू ठेवावे लागतात. धोके म्हणजे नळी कॉर्नियाला टेकली तर तो वर्षांनी धूसर होणं, वरचा तुकडा झिजून नळी उघडी पडणं, प्लेटमुळे कधी दोन-दोन दिसणं. मार लागलेल्या डोळ्यात मागच्या भागात भरलेला जेल पुढे आला असेल तर तो नळीच्या तोंडात अडकतो, मग तो काढायचं ऑपरेशन जोडीला करावं लागतं, हे आधी विचारून घ्या.

आकडे हवे असतील तर दोन अभ्यास कामाचे आहेत. पहिल्यात आधी मोतीबिंदूचं किंवा फसलेलं काचबिंदूचं ऑपरेशन झालेले डोळे घेतले होते, पाच वर्षांनी अपयश ट्यूबमध्ये २९.८ टक्के आणि ट्रॅबमध्ये ४६.९ टक्के, परत काचबिंदूचं ऑपरेशन लागणारे ९ टक्के विरुद्ध २९ टक्के. दुसऱ्यात आधी काहीच ऑपरेशन न झालेले डोळे होते आणि तिथे पहिल्या वर्षीचं चित्र उलटं आलं, अपयश ट्यूबमध्ये १७.३ आणि ट्रॅबमध्ये ७.९ टक्के, प्रेशरही ट्रॅबमध्ये जास्त खाली. दोन्हींत बहुतेक डोळे साध्या काचबिंदूचे होते, माराचे नव्हते, म्हणून आकडे जसेच्या तसे आपल्यावर चिकटवू नयेत, पण दिशा कळते: कोऱ्या डोळ्यात ट्रॅबचं पारडं जड, चिरफाड झालेल्या डोळ्यात ट्यूबचं.

ट्यूबमध्येही दोन जाती. अहमदमध्ये व्हॉल्व्ह असतो, प्रेशर पहिल्या दिवसापासून उतरतं आणि फार खाली जायची भीती कमी, म्हणून ५० प्रेशर घेऊन आलेल्या डोळ्यात तीच बरी. पण पहिल्या काही आठवड्यांनी प्रेशर परत वर चढायचा एक काळ येतो, तो माहीत नसेल तर ऑपरेशन फसलं असं वाटतं. बेअरवेल्टमध्ये व्हॉल्व्ह नाही, नळी विरघळणाऱ्या दोऱ्याने बांधून ठेवतात, दोरा साधारण पाच-सहा आठवड्यांनी सुटतो तोपर्यंत जुने ड्रॉप्स चालूच. लांबच्या पल्ल्यात ती थोडं जास्त खाली आणते, पण अती खाली जायचा धोकाही तिच्यात जास्त. घाई असेल तर अहमद, थांबायला वेळ असेल आणि खालचं प्रेशर हवं असेल तर बेअरवेल्ट, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. शिवाय आपल्या सर्जनचा हात कशावर बसलाय हेही विचारात घ्या, ते विचारायला लाजू नका.

अँगलच्या आतून जाळी उघडायची नवी ऑपरेशन्सही काही सर्जन तरुण डोळ्यांत करतात, पण रिसेशनमधला त्यांचा अनुभव अजून कमी आहे म्हणून मी त्यांना या तुलनेत वर ठेवणार नाही.

पाणी तयार होणंच कमी करणारं लेझर

डायोड लेझरने पाणी बनवणारा भागच थोडा जाळतात. इंजेक्शन देऊन डोळा बधिर करतात, दहा-पंधरा मिनिटांत होतं, चिरफाड नाही. ऐकायला सगळ्यात सोपं, पण जास्त झालं तर परत फिरवता येत नाही, प्रेशर कायमचं पडून डोळा आक्रसूही शकतो, नजर कमी होऊ शकते. त्यामुळे जिथे नजर फारशी उरलेली नाही आणि डोळा दुखतोय, किंवा ऑपरेशन झेपणार नाही, तिथे हा मोठा दिलासा आहे. चांगली नजर असलेल्या तरुण डोळ्यात मी याला पहिला पर्याय म्हणणार नाही. मायक्रोपल्स नावाचा सौम्य प्रकार असतो, त्याचा परिणामही सौम्य आणि परत करावा लागू शकतो.

आम्ही कसं ठरवलं

चार वर्षं ड्रॉप्सवर काढली. ३४ वरून १८-१९ वर आलं होतं आणि आम्ही खूश होतो, पण दोन फील्ड टेस्ट लागोपाठ वाईट आल्या, म्हणजे त्याच्या नसेला १८ सुद्धा जास्त होतं. डॉक्टरांनी १२ च्या खाली असं टार्गेट ठरवलं. टाके कधी पडलेले नव्हते, भिंग स्वतःचं, वरचा पातळ पडदा कोरा, आणि टार्गेट खालचं, हे सगळं ट्रॅबकडे झुकत होतं. ट्यूबकडे झुकणारी एकच गोष्ट, त्याचं वय आणि रिसेशन, म्हणजे व्रण धरायची भीती. त्याने मायटोमायसिनसह ट्रॅब घेतली. तिसऱ्या आठवड्यात प्रेशर २४ झालं तेव्हा माझे हातपाय गळाले होते, दोन टाके लेझरने तोडले आणि दहा मिनिटांनी परत मोजलं तर १३. आता दोन वर्षं झाली, ११ च्या आसपास आहे, बाटली एकही नाही. पोहणं त्याने सोडलं, ते त्याला जड गेलं आणि ते मी लपवणार नाही.

त्याच्या जागी आधी डोळा फाटून टाके पडलेला कोणी असता तर मी ट्यूब म्हटलं असतं. आणि टार्गेट १८ चालण्यासारखं असतं, फील्ड स्थिर असती, तर ड्रॉप्सच चालू ठेवा म्हटलं असतं, दहा वर्षं का होईना.

एक गोष्ट राहिली. रिसेशनमुळे एका डोळ्याला काचबिंदू झालेल्या लोकांत दुसऱ्या, मार न लागलेल्या डोळ्याचंही प्रेशर पुढे वाढू शकतं, काही अभ्यासांत अर्ध्यापर्यंत लोकांत. म्हणजे ज्याच्या मुळातच काचबिंदूचा कल होता त्यालाच माराने गाठलं असं असू शकतं. भावाचा डावा डोळा दर सहा महिन्यांनी तपासतो, गेल्या वेळी १७ होतं, आणि खेळताना तो आता पॉलिकार्बोनेटचा चष्मा घालूनच कोर्टवर उतरतो.

पुढच्या अपॉइंटमेंटला जाताना जुन्या माराची तारीख, त्या वेळचे कागद असतील तर ते, सगळ्या फील्ड टेस्टचे प्रिंट, चालू बाटल्या प्रत्यक्ष पिशवीत, आणि दमा, हृदय, सिकल सेल, सल्फाची ॲलर्जी यांची एका कागदावर नोंद घेऊन जा. आणि तीन प्रश्न वर लिहून ठेवा: अँगल किती अंश फाटलाय, माझं टार्गेट प्रेशर किती, आणि प्रेशर वाढायला दुसरं काही कारण, स्टिरॉइड किंवा भिंग, राहून गेलंय का.